बाबासाहेबांचं राज्यसभेतलं भाषण मुळातून कसं वाचायचं

एप्रिल जवळ आला की फोनवर एक वाक्य हमखास येतं: ही घटना जाळणारा पहिला माणूस मी असेन, असं खुद्द आंबेडकर म्हणाले होते. कुणी ते घटनेला नावं ठेवायला पाठवतं, कुणी ते साफ बनावट आहे म्हणून संतापून परत पाठवतं. वाक्य बनावट नाही. २ सप्टेंबर १९५३ रोजी बाबासाहेब ते सभागृहात बोलले आणि ते अधिकृत इतिवृत्तात छापलेलं आहे. पण त्याच्या आधी काय चाललं होतं, लगेच पुढं ते काय म्हणाले, आणि दीड वर्षानं त्याच सभागृहात याच वाक्यावरून त्यांना टोकलं गेलं तेव्हा त्यांनी काय उत्तर दिलं, हे पाठवणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी वाचलेलं असतं. ते वाचणं अवघड नाही. इंग्रजी बेताचं असलं तरी जमतं. कसं करायचं ते सांगते.

मी सोलापूरच्या न्यायालयात लघुलेखिका होते. साक्षीदार बोलतो ते, वकील मध्येच उठून हरकत घेतात ते, साहेब सांगतात ते, सगळं कागदावर उतरवण्यात नोकरी गेली. त्यामुळे कुणाचंही सुटं वाक्य समोर आलं की मला आधी विचारावंसं वाटतं, हे कुठल्या प्रश्नाचं उत्तर होतं? निवृत्तीनंतर साखर पेठेतल्या आमच्या घरी रविवारी सकाळी काहीजण वाचायला जमतात. यंत्रमागावर हयात घालवलेले एक काका आहेत, करमाळा तालुक्यातले एक शेतकरी दादा आहेत, कायद्याच्या पहिल्या वर्षाला असलेली एक मुलगी आहे, बुधवार पेठेतले दोन शिक्षक आहेत. पुढची पद्धत या बैठकीत बसूनच तयार झाली.

आधी तारीख आणि सभागृह

संसदेतलं कुठलंही जुनं भाषण शोधायचं तर शब्दांवरून शोधू नका, तारखेवरून शोधा. जुने खंड स्कॅन करून ठेवलेले आहेत. त्यातली झिजलेली अक्षरं संगणकाला धड वाचता येत नाहीत, त्यामुळे तुम्ही वाक्य टाकलंत तर बहुतेक वेळा काहीच सापडत नाही आणि माणूस म्हणतो, बघा, असं भाषणच नाही. तारीख टाका, त्या दिवसाचं अख्खं कामकाज उघडतं.

राज्यसभेच्या जुन्या चर्चा राज्यसभा सचिवालयानं संकेतस्थळावर ठेवल्या आहेत, लोकसभेच्या संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात आहेत. १९५३ चं भाषण शोधताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. ‘राज्यसभा’ हे नाव २३ ऑगस्ट १९५४ पासूनचं. त्याआधीच्या खंडांवर ‘काउन्सिल ऑफ स्टेट्स’ असं छापलेलं आहे. तो खंड दुसऱ्याच कुठल्या सभागृहाचा समजून मिटू नका.

उघडल्यावर पानावर दोन उभे स्तंभ दिसतील आणि प्रत्येक स्तंभाला स्वतःचा आकडा असेल. पान क्रमांकापेक्षा हा स्तंभाचा आकडा महत्त्वाचा, कारण जाणकार संदर्भ देताना तोच देतात. वहीत तारीख, सभागृह, विधेयकाचं नाव आणि स्तंभ क्रमांक एवढं उतरवून घ्या, मगच वाचायला लागा.

संकेतस्थळाशी झटापट नको असेल तर दुसरी वाट आहे. महाराष्ट्र शासनाच्या शिक्षण विभागानं वसंत मून यांच्या संपादनाखाली बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांची जी इंग्रजी खंडमाला काढली, तिचा १५ वा खंड घ्या. स्वतंत्र भारताचे पहिले कायदामंत्री म्हणून आणि नंतर विरोधी बाकावरून त्यांनी १९४७ ते १९५६ या काळात केलेली भाषणं त्यात आहेत. घटना समितीतली भाषणं १३ व्या खंडात, हिंदू कोड बिलावरची १४ व्या खंडात. परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ही माला फुकट उतरवून घेता येते, आणि आपल्याकडच्या बऱ्याच वाचनालयांत ती कपाटात असते, मागितली की मिळते. या खंडात बाबासाहेबांना मध्येच टोकणाऱ्यांची वाक्यं आहेत, पण इतर सदस्यांची पूर्ण भाषणं नाहीत. ते कुणाला उत्तर देत होते हे समजायला शेवटी इतिवृत्ताकडं जावंच लागतं. दोन्ही जवळ ठेवा.

शासनानं काढलेली संविधानाची मराठी प्रत आणि न्यायव्यवहार कोश, म्हणजे कायद्यातल्या इंग्रजी शब्दांचे मराठी प्रतिशब्द देणारा कोश, हेही हाताशी असू द्या. इंग्रजीत अडखळलात तर कलमाचा मराठी मजकूर आधी वाचा. निम्मी गाठ तिथंच सुटते.

भाषणाआधी विधेयक

बाबासाहेबांनी सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला होता. १९५२ ची लोकसभा निवडणूक ते हरले आणि मुंबई राज्यातून राज्यसभेवर आले. म्हणजे १९५३ मध्ये बोलणारा माणूस सरकारात नाही, समोरच्या बाकावर आहे. आणि सभागृहात त्या दिवशी चर्चा घटनेवर चाललेली नव्हती. चर्चा होती आंध्र राज्याच्या विधेयकावर.

हे मी बैठकीत सांगितलं तेव्हा आमचे यंत्रमागवाले काका सरसावून बसले. त्यांचं घर पद्मशाली, घरात आजही तेलुगू. पोट्टी श्रीरामुलूंनी वेगळ्या आंध्रासाठी उपोषण करून डिसेंबर १९५२ मध्ये प्राण सोडला, ही हकिगत त्यांना वडिलांकडून पाठ. १ ऑक्टोबर १९५३ ला आंध्र राज्य झालं. त्याच्या महिनाभर आधी हे विधेयक वरच्या सभागृहात होतं आणि बाबासाहेब विचारत होते की भाषेवर राज्य उभं केलंत, ठीक आहे, पण त्या राज्यात जे संख्येनं थोडे आहेत त्यांना कोण सांभाळणार? राज्यपालाला नुसता शिक्का करून ठेवू नका, थोड्यांच्या रक्षणासाठी त्याच्या हातात काही अधिकार द्या, असा त्यांचा आग्रह होता. काका म्हणाले, “म्हणजे हे आमच्याबद्दलच चाललंय. महाराष्ट्रात तेलुगू बोलणारे आम्ही थोडेच की.” ज्या शहरात एका बोळात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू ऐकू येते, तिथल्या माणसाला हे भाषण समजावून द्यावं लागत नाही.

आता ते वाक्य वाचा. राज्यपालाला अधिकार देणं लोकशाहीला धरून नाही, असा सूर सभागृहात आहे. लोक मला घटनाकार म्हणतात, पण मला जे करायला सांगितलं ते मी पुष्कळसं मनाविरुद्ध केलं, हे बाबासाहेब याच भाषणात सांगतात. मग म्हणतात की ती जाळायला मी पहिला पुढं होईन, मला ती नको, ती कुणालाच सोयीची नाही. आणि न थांबता पुढं म्हणतात की ते काही असो, आपल्या लोकांना हीच पुढं चालवायची असेल तर इथं बहुसंख्य आहेत आणि अल्पसंख्यही आहेत हे विसरून चालणार नाही. तुम्हाला मान्यता दिली तर लोकशाहीला बाधा येते, असं सांगून अल्पसंख्यांना झटकून टाकता येणार नाही. सर्वांत मोठी हानी अल्पसंख्यांना दुखावण्यानंच होईल.

फोनवर फिरतं ते वाक्य ‘पण ते काही असो’च्या आधीच कापलेलं असतं. ज्यासाठी ते बोलले तो भाग कात्रीखाली जातो. म्हणून कुणाच्याही भाषणातलं गाजलेलं वाक्य सापडलं की त्याच्या मागचे दोन आणि पुढचे दोन परिच्छेद वाचल्याशिवाय मत बनवू नका. आमच्या बैठकीत हा नियमच आहे.

त्या वेळची घटना, आजची नव्हे

दुसरं भाषण १९ मार्च १९५५ चं, चौथ्या घटनादुरुस्तीच्या विधेयकावरचं. इथं खरी मेहनत आहे, आणि मला विचाराल तर खरा आनंदही इथंच आहे.

आजची प्रत उघडून कलम ३१ शोधलंत तर ते रद्द झाल्याची नोंद तेवढी दिसेल. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीनं मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला, आता तो कलम ३००-क मध्ये साधा कायदेशीर हक्क म्हणून आहे. १९५५ चं भाषण आजच्या प्रतीवरून वाचलंत तर ते कशाबद्दल बोलताहेत हेच कळणार नाही. म्हणून ज्या वर्षीचं भाषण, त्या वर्षी कलम कसं होतं ते आधी काढा. कलमांखालच्या तळटीपा वाचत जा, कोणत्या दुरुस्तीनं कोणता शब्द गेला आणि कोणता आला हे त्यात असतं. दुरुस्तीचा कायदा मिळाला की त्याला जोडलेलं ‘उद्देश व कारणे’ हे निवेदन आधी वाचा. सरकारला नेमकं कुठं खुपलं ते सरकारनंच तिथं लिहिलेलं असतं.

या दुरुस्तीत खुपलं ते असं. पश्चिम बंगालनं १९४८ मध्ये निर्वासितांच्या वसाहतीसाठी जमिनी घेण्याचा कायदा केला आणि मोबदला ३१ डिसेंबर १९४६ च्या बाजारभावापेक्षा जास्त मिळणार नाही असं ठरवलं. बेला बॅनर्जी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर १९५३ मध्ये सांगितलं की मोबदला म्हणजे घेतलेल्या वस्तूची पुरेपूर भरपाई, जुन्या तारखेला भाव गोठवून ती होत नाही. सरकारला वाटलं की असं झालं तर जमीन सुधारणा आणि पुनर्वसन दोन्ही परवडणार नाही. म्हणून चौथी दुरुस्ती आली आणि मोबदला पुरेसा आहे की नाही हे न्यायालयात विचारता येणार नाही, अशी तरतूद झाली. २७ एप्रिल १९५५ पासून ती लागू झाली. बाबासाहेबांचं भाषण त्याच्या आधीचं, विधेयक अजून वाटेत असतानाचं.

ते बोलताना कलम ३१ ची जन्मकथा सांगतात. ही आमची, मसुदा समितीची, करणी नाही, तिची जबाबदारी आम्ही घेणार नाही, असं बजावतात. काँग्रेस पक्षातच तेव्हा तीन तट होते. सरदार पटेल पूर्ण मोबदल्याच्या बाजूचे, म्हणजे भूसंपादन कायद्यातल्याप्रमाणे बाजारभाव आणि वर १५ टक्के. पंतप्रधान नेहरू मोबदल्याच्याच विरोधात. आणि गोविंद वल्लभ पंतांना उत्तर प्रदेशातला आपला जमीनदारी निर्मूलनाचा कायदा सुखरूप बाहेर काढायचा होता. पंत त्या वेळी समोर सभागृहातच बसलेले आहेत, आणि त्यांना तिथं पाहून आनंद झाला असं बाबासाहेब म्हणतात. या तिघांच्या ओढाताणीत जे ठरलं तेच कलमात उतरलं, आणि ते इतकं कुरूप आहे की मला त्याकडं पाहावंसं वाटत नाही, इथपर्यंत ते बोलतात.

पंधरा टक्के हा शब्द वाचला आणि शेतकरी दादा म्हणाले, “थांबा, थांबा.” त्यांच्या घरची जमीन उजनीच्या पाण्याखाली गेली. पुढच्या रविवारी ते वडिलांच्या नावचा निवाडा घेऊन आले. प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेला, घडीवर फाटलेला कागद. त्यात गट क्रमांक, क्षेत्र, दर, आणि त्याखाली वेगळ्या ओळीत १५ टक्के दिलासा रक्कम. १८९४ च्या भूसंपादन कायद्यातलीच ती तरतूद. १९८४ च्या दुरुस्तीनं ती ३० टक्के झाली आणि २०१३ च्या नव्या कायद्यानं १०० टक्के. पटेल, नेहरू आणि पंतांमधली ती ओढाताण दिल्लीतली, पण तिचा एक आकडा करमाळ्याच्या त्या कागदावर उतरलेला होता. दादांनी मग अख्खं भाषण स्वतः वाचून काढलं, पेन्सिलनं प्रत्येक ओळीखाली रेघ मारत.

तुम्ही वाचाल तेव्हा तुमच्या घरात, गल्लीत असा कागद शोधा. भूसंपादनाचा निवाडा, कूळकायद्याचा निकाल, जातीचा दाखला, ग्रामपंचायतीच्या राखीव जागेची सूचना. घटनादुरुस्तीची चर्चा कुठल्या ना कुठल्या कागदावर येऊन टेकतेच.

मोठ्यानं आणि वाटून वाचा

संसदेतलं भाषण मनातल्या मनात वाचू नका. ते बोललेलं आहे, तेव्हा मोठ्यानं वाचा, आणि चौघं-पाचजण असाल तर नाटकाच्या तालमीसारखी वाक्यं वाटून घ्या. एकानं मुख्य वक्त्याचं वाचायचं, दुसऱ्यानं मध्येच उठणाऱ्यांचं, तिसऱ्यानं पीठासीन अधिकाऱ्यांचं. जो ऐकतोय त्यानं हातात प्रत घ्यायची नाही.

१९ मार्चच्या भाषणातला हा तुकडा आम्ही असा वाचला. बाबासाहेबांचं वाचायला शिक्षकांपैकी एक, टोकणाऱ्यांचं वाचायला कायद्याची मुलगी. तुकडा सुरू होतो तो बाबासाहेबांच्या अभिमानानं. या देशाला मिळालेली घटना हा एक विलक्षण दस्तऐवज आहे, ते म्हणतात. अगदी सोपी, सुटसुटीत. कितीतरी प्रकाशकांनी मला चांगले पैसे देऊ केले, घटनेवर भाष्य लिहा म्हणाले. मी नाही म्हटलं. भाष्य लिहायचं म्हणजे ती कळायला अवघड आहे असं कबूल करणं. ज्याला इंग्रजी वाचता येतं त्याला ती कळते, भाष्याची गरज नाही.

आणि इथं सदस्य डॉ. अनुप सिंग मध्येच म्हणतात की मागच्या वेळी तुम्ही घटना जाळीन म्हणाला होता.

मुलीनं हे वाक्य वाचलं आणि खोलीत सगळे थबकले. कारण ते वाक्य आम्हाला फोनवरून माहीत होतं, पण ते पुन्हा सभागृहात त्यांच्याच तोंडावर टाकलं गेलं होतं हे माहीत नव्हतं. बाबासाहेब विचारतात, तुम्हाला उत्तर हवंय? इथंच देतो. मागच्या वेळी घाईत कारण सांगायचं राहिलं, आता माझ्या मित्रानं संधी दिली आहे तर सांगतो. आम्ही देवासाठी देऊळ बांधलं. देवाची स्थापना व्हायच्या आतच त्यात असुर येऊन बसले, तर देऊळ पाडण्यावाचून दुसरं काय करायचं? ते असुरांसाठी बांधलं नव्हतं, देवांसाठी बांधलं होतं.

त्यावर दुसरे सदस्य बी. के. पी. सिन्हा म्हणतात की मग असुराला मारा, देऊळ कशाला पाडता?

बाबासाहेबांचं उत्तर आखूड आहे. ते तुम्हाला जमणार नाही, आपल्यात तेवढं बळ नाही. आणि लगेच ते ‘शतपथ ब्राह्मण’ या वैदिक ग्रंथाकडं वळतात: तिथं पाहा, देव नेहमी असुरांकडून हरलेत, अमृत असुरांजवळ होतं आणि लढ्यात टिकायचं तर देवांना ते त्यांच्याकडून घ्यावं लागलं.

हा तुकडा आम्ही पुन्हा पुन्हा वाचला, भूमिका बदलून वाचला. प्रत्येक वेळी कुणीतरी सिन्हांच्या बाजूनं झालं. काका म्हणाले, सिन्हांचं बरोबर आहे, देऊळ का पाडायचं? शिक्षक म्हणाले, पण बाबासाहेब म्हणतात तसं बळच नसेल तर? वाद रंगला आणि जेवणाची वेळ टळून गेली. माझं मत सांगते. बाबासाहेबांनी वाक्य नाकारलं नाही, मागंही घेतलं नाही. त्यांनी कारण जोडलं. आणि घटनेला विलक्षण म्हणणं आणि ती जाळायची भाषा करणं, दोन्ही एकाच माणसानं एकाच दिवशी, काही मिनिटांच्या अंतरानं उच्चारलेलं आहे. त्यातलं एक उचलून दुसरं टाकलंत तर तुम्ही त्या माणसाचं ऐकलंच नाहीत. काहीजण भक्तिभावानं सांगतात की ते रागात बोलून गेले, मनात तसं नव्हतं. हेही मला पटत नाही. राग खरा होता आणि कशाबद्दल होता तेही त्यांनी सांगितलेलं आहे. त्याला गोड करायला जाऊ नये.

इतिवृत्तात काय नसतं

एका लघुलेखिकेचे दोन शब्द. इतिवृत्तात आवाज नसतो. हसून म्हणाले, चिडून म्हणाले, हे तिथं बहुधा लिहिलेलं नसतं, तेव्हा टिपण काढताना ‘उपहासानं म्हणाले’ असं स्वतःच्या पदरचं घालू नका. वाक्य आडव्या रेघेवर तुटलेलं असेल तर बहुतेक तिथं कुणीतरी मध्ये बोललं आहे. पीठासीन अधिकाऱ्यांनी काढून टाकलेल्या शब्दांच्या जागी ताऱ्यांच्या खुणा असतात. सदस्यांना आपल्या भाषणाची प्रत नोंदीतल्या चुका सुधारण्यासाठी मिळते, नवा मुद्दा घालण्यासाठी किंवा आशय फिरवण्यासाठी नाही. आणि भाषण विधेयकाच्या कुठल्या टप्प्यावर झालं ते जरूर पाहा. समितीकडं पाठवताना माणूस तत्त्वाचं बोलतो, कलमवार चर्चेत एकेका शब्दासाठी भांडतो, शेवटच्या वाचनात लोकांसाठी बोलतो. शब्दासाठीचं भांडण पाहायचं असेल तर मधल्या टप्प्यात पाहा.

मतविभाजनाची यादी चुकवू नका. घटनादुरुस्तीला कलम ३६८ प्रमाणे प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यांचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांची दोन तृतीयांश मतं, अशा दोन्ही अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. त्यामुळे कुणी बाजूनं आणि कुणी विरोधात मत दिलं त्यांची नावं छापलेली असतात. जोरदार विरोधात बोललेला माणूस मत कुणाला देतो, हे त्या यादीत कळतं.

मागचं भाषण शेजारी ठेवून

१९५५ चं भाषण झालं की मागं जा, २५ नोव्हेंबर १९४९ कडं. घटना समितीच्या चर्चांच्या ११ व्या खंडात ते आहे. घटना कितीही चांगली असली तरी ती राबवणारे वाईट निघाले तर ती वाईटच ठरेल, हे बाबासाहेबांनी तिथं सांगून ठेवलं आहे. देऊळ आणि असुरांचं उत्तर याच विचाराचं पुढचं पाऊल आहे, पाच वर्षांचा अनुभव गाठीशी घेऊन टाकलेलं. त्याच भाषणात दुरुस्तीबद्दलही आहे. आम्ही ही घटना बदलता न येण्याजोगी केलेली नाही, ज्यांना ती पसंत नाही त्यांनी दोन तृतीयांश बहुमत मिळवावं. प्रौढ मतदानानं निवडून आलेल्या संसदेत तेवढंही मिळत नसेल तर त्यांची नाराजी जनतेची नाराजी म्हणता येणार नाही. १९४९ मध्ये असं म्हणणारा माणूस १९५५ मध्ये दुरुस्ती करणाऱ्या सरकारपुढं उभा राहून त्या कलमाची झाडाझडती घेतो. दोन्ही प्रती समोर ठेवल्या की त्यांचा विचार कुठं टिकला आणि कुठं पुढं गेला, हे तुमचं तुम्हाला दिसतं. माझ्या मते पुष्कळ चरित्रांपेक्षा हे जास्त शिकवतं.

सोलापूरकरांनी जाता जाता कलम ३४ वाचावं. लष्करी कायदा लागू असताना अधिकाऱ्यांनी केलेल्या कृत्यांना नंतर संसद संरक्षण देऊ शकते, असं ते कलम. १९३० च्या मे महिन्यात आपल्या शहरात मार्शल लॉ लागला, आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे येरवड्यात फासावर गेले. चार हुतात्मा चौकातून रोज जाणाऱ्या माणसानं हे कलम माहीत करून घ्यायला हवं.

पुढचा सराव

हात बसला की बॅरिस्टर नाथ पै घ्या. राजापूरमधून १९५७, १९६२ आणि १९६७ असे तीनदा लोकसभेवर गेलेले, प्रजासमाजवादी पक्षाचे. २७ फेब्रुवारी १९६७ ला गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध पाच अशा मतांनी निकाल दिला की मूलभूत हक्कांना कात्री लावणारी दुरुस्ती संसदेला करता येणार नाही. विरोधी बाकावरच्या नाथ पैंनी एप्रिल १९६७ मध्ये कलम ३६८ दुरुस्त करण्याचं खाजगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यानं मांडायचं विधेयक, आणलं. संसद लोकांनी निवडलेली आहे, तिचा दुरुस्तीचा अधिकार शाबूत राहिला पाहिजे, ही त्यांची भूमिका. ज्या सरकारशी रोज भांडायचं, त्याच सरकारच्या हाती हा अधिकार द्यायला विरोधातला माणूस का उठतो, हे समजून घेण्यासाठी ही चर्चा वाचावी.

खाजगी विधेयकांची चर्चा शुक्रवारी दुपारनंतर होते, म्हणून ती लागोपाठच्या दिवशी सापडत नाही. शुक्रवार धरून तारखा काढा, मध्ये आठवड्यांची खिंडारं असतील. हे विधेयक संयुक्त समितीकडं गेलं, समितीचा अहवालही वाचण्याजोगा असतो, त्यातली भिन्नमतपत्रिका, म्हणजे न पटलेल्या सदस्यांनी लिहिलेलं वेगळं मत, तर नक्कीच वाचा. नाथ पै १८ जानेवारी १९७१ ला गेले, विधेयक कायदा झालं नाही. त्याच वर्षी ४ ऑगस्टला लोकसभेनं २४ वी दुरुस्ती मंजूर केली आणि संसदेचा तो अधिकार कलमात शब्दशः आला. २४ एप्रिल १९७३ ला केशवानंद भारती खटल्यात १३ न्यायमूर्तींच्या पीठानं ही दुरुस्ती उचलून धरली, पण सात विरुद्ध सहा अशा मतांनी घटनेच्या मूळ चौकटीला हात लावता येणार नाही ही मर्यादा घातली.

इथं एक काम करा. १९६७ च्या विधेयकाचा मजकूर आणि २४ व्या दुरुस्तीचा मजकूर एका कागदावर शेजारी शेजारी उतरवा, कुठला शब्द तोच राहिला आणि कुठला नवा आला ते खुणा करून पाहा. मग ऑगस्ट १९७१ ची लोकसभेतली चर्चा उघडा, नाथ पैंचं नाव कोण घेतं ते शोधा, आणि नाव घेणारा मतविभाजनाच्या यादीत कुठल्या बाजूला आहे तेही पाहून ठेवा.